पढलेली सुरी

प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून दीड कोसावर, तांबेवाडी नावाचं गाव आहे. तिथला फक्रुद्दीन मुलाणी उभ्या जन्मात कुणाशी भांडला नाही, कुणाच्या बांधावरची काडी त्यानं उचलली नाही, आणि बोकडाच्या मानेवर सुरी फिरवताना त्यानं कधी तोंड उघडलं नाही. पहिल्या दोन गोष्टींपायी गावानं त्याला मान दिला. तिसरीपायी त्याचा जीव गेला.

म्हसोबाची जत्रा असो, नवसाचं जेवण असो की लग्नानंतरची पंगत, बोकड कापायचा तो मुलाण्यानंच, हा गावचा रिवाज. पाटलाच्या घरचा बोकड असला तरी पाटील सुरीला हात लावायचा नाही. बदल्यात मुलाण्याला मानेचा वाटा मिळायचा आणि सुगीत खळ्यावर सूपभर बाजरी. मुलाण्याच्या घरात बोली गावाचीच होती, अंगावरचं धोतर गावाचंच होतं, आणि ओळख म्हणून सांगावी अशी एकच चीज होती. ती सुरी.

फक्रुद्दीनच्या पणजोबाच्या काळी एक फिरते बाबा सबंध पावसाळा या गावात राहिले होते. पणजोबा अडाणी. जनावर कापताना पढायचे शब्द त्याला धड यायचे नाहीत, आणि एखादा चुकला तर ते हराम होईल या धास्तीनं तो सुरी उचलायला कचरायचा. जाताना बाबांनी त्याची सुरी हातात घेतली, तिच्यावर कलाम पढले, फुंकर घातली आणि सांगितलं, ही तुझ्या घरात आहे तोवर हिच्याखाली जाईल ते हलाल. पणजोबाची धास्ती गेली. तेव्हापासून या घरात दंडक पडला की सुरी चालवताना काही म्हणायचं नाही. एकदा पढलेल्या सुरीवर पुन्हा पढायचं म्हणजे बाबांच्या शब्दावर शंका घ्यायची.

"ओठ आवळून धर," आजोबानं लहानग्या फक्रुद्दीनला शिकवलं होतं. "बोलायचं ते बोलून झालंय."

शिकल्यासवरल्या माणसाला याचं हसू येईल. येऊ द्या. ज्याला चार शब्द सुचत नाहीत आणि जीव मात्र घ्यावा लागतो, त्याला अशा आधाराची किंमत कळते.

सुरीची मूठ काळ्या शिंगाची होती, तिला तीन पितळी खिळे होते. पातं चार पिढ्या नदीच्या दगडावर घासून घासून बोटभर उरलं होतं. फक्रुद्दीन ती हिरव्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवायचा, धारही स्वतःच लावायचा. त्याची आणखी एक सवय होती. बोकडाला आधी पाणी पाजायचं हे सगळेच मुलाणी करतात, पण वाटी तोंडाला लावली की काढली, असं. हा मात्र पितळी वाटी धरून उकिडवा बसायचा आणि जनावर आपणहून मान वर करीपर्यंत उठायचा नाही. जत्रेत माणसं खोळंबायची.

"मुलाणी, आंघोळबी घाल की त्याला," सहादेव पाटील चिडवायचा.

"तहानलेलं जाऊ नये, पाटील," फक्रुद्दीन म्हणायचा. "कुनीच."

त्रेचाळीस सालच्या माघात फक्रुद्दीनला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस झाले तरी उतरेना. बायको बद्रुन्निसा पाण्याच्या पट्ट्या बदलून बदलून थकली. थोरली जरीना लग्न होऊन राहात्याला दिलेली, आणि मुलगा महमूद भिंगारच्या छावणीत, फौजेला मटण पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला लागलेला. लढाई चालू होती. महमूदला सुट्टी नव्हती.

अशात शेजारची झुंबरबाई दाराशी आली. तिची लेक मनकर्णा बाळंतपणाला आलेली. आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती, आणि कळा सुरू होऊन रात्र उलटली होती.

"भाबी, तुमची पढलेली सुरी द्या," झुंबरबाई म्हणाली. "पोरीच्या उशाला ठिवते. ह्या बारीला तरी हाती लागू द्या."

बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवायचं, वाईट वारं लागू नये म्हणून, हे घरोघर चालायचं. कुणी विळा ठेवी, कुणी अडकित्ता. पण पढलेली सुरी घरात असताना शेजारणीला विळा घे म्हणायला बद्रुन्निसाची जीभ रेटली नाही. नवरा तापात बरळत होता, विचारणार कुणाला. तिनं कोनाड्यातून गाठोडं काढून दिलं.

उन्हं कलल्यावर झुंबरबाई परत आली ती रडत आणि हसत. मुलगी झाली होती, जिवंत, टाहो फोडणारी. आणि पदराखाली सुरीचे दोन तुकडे होते. कळांच्या धडपडीत सुरी बाजेच्या सुंभातून खाली घसरली, सुईणीनं बाज सरकवली, आणि बाजेचा पाय नेमका पात्यावर आला. कागदासारखं झालेलं पातं मुठीपासून तटकन तुटलं.

बद्रुन्निसा तुकडे मांडीवर घेऊन बसून राहिली. आत नवरा कण्हत होता. हे त्याच्या कानावर गेलं तर तो बाजेवरून उठणार नाही, एवढं तिला पक्कं कळलं. ती उठली आणि लोहाराकडे गेली.

कानिफनाथ लोहार मोजून बोलणारा माणूस. त्यानं तुटकं पातं निरखलं, भिंगारहून भंगारात आलेल्या फौजी मोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत घातला, जुन्या मापाचं नवं पातं ठोकलं, घासून घासून तसंच बोटभर केलं आणि त्याच शिंगाच्या मुठीत तेच तीन पितळी खिळे मारून बसवलं.

"मुलाण्याला सांगशील ना, वहिनी?" त्यानं विचारलं.

"बरं वाटू द्या त्यांना," ती म्हणाली.

जुनं पातं तिनं चिंधीत बांधून ज्वारीच्या कणगीच्या तळाशी खुपसलं. फक्रुद्दीनला बरं वाटलं. चैत्रात जत्रेला तो काठी टेकत म्हसोबापर्यंत गेला, सुरी हातात घेतली आणि जरा थबकला.

"जड लागती," तो म्हणाला.

"तापानं हातातलं बळ गेलंय तुमच्या," बद्रुन्निसा लगबगीनं बोलली.

त्याला पटलं. आपला हात उणावला असं त्यानं मानलं, सुरीवर संशय घेतला नाही. आणि ओठ आवळून त्यानं पहिला बोकड कापला.

सांगायचं आज, सांगायचं उद्या, असं करता करता तीन वर्षं गेली. त्यात जरीनाच्या सासऱ्याच्या चाळिसाव्याचं जेवण झालं, गावातल्या मुसलमानांच्या नऊ घरांत दोन लग्नं झाली, तीन बकरी ईदा झाल्या. दर वेळी सुरी तीच, ओठ तसेच. बद्रुन्निसानं मनाची समजूत घातली होती. बाबांनी सुरी हातात धरली असेल ती मुठीला धरूनच ना? मूठ तर तीच आहे. ती दर शुक्रवारी मुठीला लोबानाचा धूर द्यायची. पात्याकडे बघायची नाही.

लढाई संपली, ठेकेदाराचं काम आटोपलं, आणि शेहेचाळीस सालच्या चैत्रात, जत्रेच्या आठ दिवस आधी महमूद घरी आला. भिंगारला एका मौलवीसाहेबांपाशी तो रोज सांजच्याला बसायचा. कुराण वाचायला शिकला होता, दाढी राखली होती, आणि बापाला शिकवायची घाई झाली होती. या वयात ती सगळ्यांनाच होते.

"अब्बा, ह्या खेपेला सुरी मी चालवतो," तो म्हणाला. "आन दर जनावराला अल्लाचं नाव घ्येऊन."

"सुरी पढलेली हाय."

"लोखंडाला कोन पढवतं, अब्बा? नाव जित्या जिभेनं घ्यायचं असतं. ज्याचा जीव जातो त्याच्या कानावर पडाया पायजे. मौलवीसाहेब म्हनत्यात, मुद्दाम नाव टाळलं तर त्ये खायाचंच न्हाई."

फक्रुद्दीन धार लावत होता. त्याचा हात दगडावर थांबला.

"म्हंजी तुजा आजा, पनजा, समदे हराम खाऊन मेले?"

"त्यांना म्हायती नव्हतं."

"आन तुला भिंगारात म्हायती झालं."

बास. एवढंच. पण हे एवढं बोलणं घरात आठ दिवस साचून राहिलं. महमूद मनानं वाईट नव्हता. बापानं हयातभर केलेलं काम शुद्ध व्हावं, हीच त्याची तळमळ होती. फक्रुद्दीनला मात्र एकच दिसत होतं. चार पिढ्यांनी विश्वासानं मिटलेलं तोंड हा पोरगा उचकटून बघतोय. त्यानं राहात्याला निरोप धाडून धाकट्या भावाला, पीरमहंमदला बोलावून घेतलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात घोंगडी पडली. पीरमहंमद आला, मध्यस्थ म्हणून सहादेव पाटील येऊन बसला. महमूद भिंतीला टेकून उभा. उंबऱ्याआड बद्रुन्निसा. फक्रुद्दीननं हिरवं फडकं सोडून सुरी समोर ठेवली.

"पाटील, ही सुरी आन गावचा मान मी भावाला देतो," तो म्हणाला. "पोराचा हिच्यावर इश्वास न्हाई. ज्याचा इश्वास न्हाई त्याच्या हातात ही शोभत न्हाई."

बद्रुन्निसाला पुढचं दिसलं. एकुलता एक मुलगा, हातचं काम सुटलेला, आणि आता घरातला मानही जाणार.

"भाऊ, घाई करू नका," पीरमहंमद म्हणाला. त्याला सुरी हवी होती, पण अशी नको होती.

"अब्बा, द्या कुनालाबी," महमूद म्हणाला. "पर इतकंच सांगतो, मुकाट्यानं कापलेलं मी तरी खानार न्हाई."

तेव्हा फक्रुद्दीनचा तोल गेला. जन्मात न भांडलेल्या माणसाला भांडायचं कसं ते ठाऊक नसतं, आणि तो एकदम टोकाचंच बोलतो. त्यानं सुरी उचलली, पातं कपाळाला लावलं.

"ऐका समदे. ह्या पात्याखाली माज्या हातनं गेलेलं येक बी जनावर हराम असंल, तर मरताना माज्या तोंडात पान्याचा थेंब जाऊ नये. अल्लाची कसम."

"अवं, असं बोलू नगा," बद्रुन्निसा बाहेर आली. डोक्यावरचा पदर सरकलेला, पाटील बसलाय याचंही भान नाही. "कसम माघारी घ्या. त्ये पातं त्ये न्हाई."

कुणाला काही कळेना. ती आत गेली. कणगीतली ज्वारी उपसून जमिनीवर पडल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. आली तेव्हा कोपरापर्यंत धान्याची धूळ लागलेली. चिंधी सोडून तिनं ते पातळ, गंजलेलं पातं नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि ताप, झुंबरबाई, बाज, कानिफनाथ, सगळं सांगून टाकलं.

फक्रुद्दीननं जुनं पातं तळहातावर घेतलं. वजन पाहिलं. मग दुसऱ्या हातात सुरी घेतली.

"म्हनून जड लागत हुती," तो म्हणाला.

त्यानं जुनं पातं परत चिंधीवर ठेवलं.

"मनकर्णेची पोरगी जगली ना?"

"जगली," बद्रुन्निसा म्हणाली. "अवं, मूठ तीच हाय. बाबांनी मुठीलाच हात लावला असंल."

"मुठीनं कापत न्हाईत, बदरू."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. बायकोला दोन शिव्या देता, लोहाराच्या नावानं बोटं मोडता, तर विषय तिथंच वाहून गेला असता. त्यानं सुरी महमूदपुढे धरली.

"घे. लोखंड हाय नुसतं. तू म्हनत हुतास तसंच."

महमूदला जिंकल्याचं सुख अर्धा क्षणही मिळालं नाही. बापाचे डोळे बघून त्याला कळलं की आपलं खरं ठरलं आणि त्यात बाप सापडला. त्यानं सुरी घेतली, कारण न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी जत्रेत महमूदनं सुरी चालवली, अल्लाचं नाव मोठ्यानं घेत. फक्रुद्दीन गेला नाही. तो गावात फिरत होता. मुसलमानांच्या नऊही घरांच्या दारात उभा राहून तो एकच वाक्य बोलला: "तीन वरसं मी तुमाला हराम चारलं, माफ करा." लोक गडबडून जात. बसा म्हणत, चहा देत. अल्ला नियत बघतो, चाचा, तुम्हाला कुठं ठाऊक होतं, असं म्हणत. मग तो पाटलाच्या वाटेला लागला.

"अरे, आमच्या म्हसोबाला त्याचं काय?" सहादेव पाटील म्हणाला. "देवानं घेतलं, आमी खाल्लं. तू कशाला जिवाला लावून घेतोस?"

"तुमचं ठीक हाय, पाटील. पर मी काय केलं त्ये सांगा," फक्रुद्दीन म्हणाला. "बाबांचा सबुद हुता म्हनून मी सुरी उचलायचो. सबुद न्हाई, तर मग मी नुसते जीवच घेतले की."

पाटील नेहमी चिडवणारा माणूस, पण त्या दिवशी तो त्याला नदीच्या वळणापर्यंत पोचवायला आला.

त्यानंतर फक्रुद्दीननं मटण सोडलं. सकाळी उठून तो नदीवर जायचा आणि ज्या दगडावर धार लावायची त्या दगडापाशी बसायचा. तीन वर्षांतली जनावरं त्याला एकेक आठवत होती. कानावर पांढरा ठिपका असलेला, एका शिंगाचा, रंगुबाईच्या नवसाचा तो तांबडा, ज्यानं दोन वाट्या पाणी पिऊन वर त्याचा हात चाटला होता. बद्रुन्निसा भाकरी घेऊन तिथं जायची. तो खायचा, बोलायचा नाही. तिला एकदाही टाकून बोलला नाही, आणि तेच तिला सोसेना.

महमूद भिंगारला जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आला. कसम सोडवता येते. दहा गरिबांना जेवू घालायचं. त्यानं कोल्हारच्या पुलाजवळचे दहा जण गोळा करून आणले, आईनं डाळभात केला, फक्रुद्दीननं स्वतः वाढलं.

"अब्बा, सुटली कसम," महमूद म्हणाला.

"त्यांची पोटं भरली. झाक झालं." फक्रुद्दीन पत्रावळी गोळा करत होता. "तुजा मौलवी लई मोकळ्या हाताचा हाय, महमूद. बोकडांना काय देतोस?"

महमूदनं खूप सांगितलं. कुठं काय लिहिलंय ते सांगितलं, न ठरवता घडलेल्या चुकीला गुन्हा धरत नाहीत हे सांगितलं. सगळं बरोबर होतं. पण ज्यानं आयुष्यभर एका शब्दावर भार टाकला, त्याला आता दुसऱ्या शब्दावर टेकता येईना. आधी सुरीवर बोललेलं खरं मानलं, मग स्वतः बोललेलं खोटं कसं मानायचं? माणूस हट्टी म्हणा, खुळा म्हणा. मला तो दोन्ही वाटत नाही. त्याच्यापाशी इमानाखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि तेच त्याच्यावर उलटलं.

पौषात ताप पुन्हा आला. या खेपेला एकवीस दिवस लागले नाहीत. अकराव्या दिवशी भर दुपारी श्वास बदलला. जरीना राहात्याहून आली होती. झुंबरबाई आणि मनकर्णा दारात उभ्या होत्या, मनकर्णेच्या कडेवर तिची चार वर्षांची लेक. महमूद उशाशी बसून कलमा म्हणत होता. फक्रुद्दीनचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या.

बद्रुन्निसानं पितळी वाटीत पाणी आणलं. तीच वाटी. घरात दुसरी होती, पण हातात ती आली. महमूदनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं, वाटी तोंडाला लावली.

"अब्बा, घ्या."

फक्रुद्दीननं डोळे उघडले. वाटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तहान त्याच्या नजरेत इतकी स्पष्ट होती की जरीनानं तोंड फिरवलं. मग त्यानं ओठ आवळले. आजोबानं शिकवलं होतं, तसेच. महमूदनं बोटं ओली करून ओठांवरून फिरवली, आईनं पाया पडून विनवलं. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, आत गेलं नाही. थोड्या वेळानं महमूदनं वाटी खाली ठेवली आणि फडक्यानं बापाचा गळा पुसला.

दफन झालं. गाव लोटलं होतं. कानिफनाथ लोहार कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर उन्हात उभा राहिला, आत आला नाही.

चैत्रात जत्रा आली. बद्रुन्निसानं सुरी काढून दिली, हिरव्या फडक्यातच. महमूद म्हसोबापुढे गेला. पहिला बोकड पाटलाचा. महमूदनं वाटी भरली आणि उकिडवा बसला. बोकड प्यायला, सावकाश, मध्ये थांबून इकडेतिकडे बघत. मागे माणसं खोळंबली, ढोल वाजायचे थांबले.

बोकडानं वाटीचा तळ चाटला आणि मान वर केली. महमूदला आता नाव घ्यायचं होतं. शब्द त्याला पाठ होते, उच्चार शुद्ध होते. तो उठला आणि रांजणातून दुसरी वाटी भरून घेऊन आला.